मरव्याच्या बरणीतलं पाणी

पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी भालकीत महादेवीचा मरवा पिवळा पडला.

ती लग्न होऊन आली तेव्हा आईनं जनवाड्याहून ते रोप ओल्या फडक्यात बांधून दिलं होतं. सहा महिन्यांत आई पटकीनं गेली. आईच्या हातचं म्हणावं असं आता एवढंच. गल्लीत शेळ्यांचा सुळसुळाट, म्हणून महादेवीनं मरवा घरातच ठेवला, देवघराच्या खिडकीत. काठ उडालेली लोणच्याची चिनीमातीची बरणी पडून होती, तिच्यात लावला. पानं चुरगळली की आईच्या वेणीचा वास यायचा.

आता तो माना टाकत होता. तिनं किडीसाठी राख भुरभुरली, बरणी उन्हाकडे सरकवली, तहानला असेल म्हणून वर तांब्याभर पाणी घातलं. कशानंच फरक पडेना. सासू निलम्मा बघून जायच्या आणि चकार शब्द काढायच्या नाहीत. तेच महादेवीला खुपायचं.

शेवटी एका सोमवारी तिनं रोप उपसलं. भपकन कुजका वास आला. मुळं काळीठिक्कर, बोटात धरताच साल सुटली. बरणीला बुडाशी भोक कुठलं असायला! माहेरी हरभऱ्यात पाणी तुंबलं की तोही असाच पिवळा पडायचा. शेतकऱ्याची लेक असून आपल्याला एवढं कळू नये, याचा तिला भयंकर राग आला.

आणि पाणी तर रोजचंच होतं. लिंगायताचं घर, सकाळी जो तो गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायचा, तीर्थ घ्यायचा आणि उरलेलं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून मरव्यात ओतायचा.

एकच शेंडा हिरवा होता. तो तिनं चार बोटं खुडला, खालची पानं काढली आणि भोक पाडलेल्या मडक्यात, खापऱ्यांवर वाळूमाती घालून खोचला. मग जीव मुठीत धरून सासूकडे गेली.

"आत्याबाई, मरव्यात आता तीर्थाचं पाणी घालू नका. मुळं कुजायलीत."

"वाटी वाटी पाण्यानं कुजतंय व्हय?"

"घरातल्या चौघांच्या चार वाट्या. वर माझा तांब्या."

निलम्मांनी मान खाली घातली. "माझी भरून वाटी असायची गं. तुझी आई गेली तवापासनं म्या तीर्थ घेतलंच न्हाई, सगळं त्यालाच घालायले. तुझ्या आईचं रोप, वाळू नये म्हनून."

महादेवी सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली.

तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला दोन पानं फुटली. पूजा आटोपून निलम्मा सवयीनं वाटी घेऊन खिडकीशी आल्या, थबकल्या आणि सुनेनं शिकवल्याप्रमाणे त्यांनी मातीत बोट खुपसलं.

"वल हाय की अजून."

मग तिथंच उभ्या उभ्या त्यांनी आपलं तीर्थ घेतलं, वर्षभरानं.