झाकणावरचा ट्यूबचा तुकडा

आमच्या शेतीपंपांच्या मोबाईल-गटावर परवा एकाने लिहिले, 'मोटार चालत नाही. अर्जंट उपाय सांगा.' कोणती मोटार, नेमके काय झाले, याचा पत्ता नाही. मला तुळजापूरचा मंगळवार आठवला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन, मी तेथे इंजिनांच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करीत होतो. मंगळवारी बाजार उठला की दुकानापुढच्या कडुलिंबाखाली आसपासचे मिस्त्री जमत आणि अडलेला माणूस तेथे येई. सल्ल्याला पैसे पडत नसत. रीत मात्र होती. इंजिनाने काय केले ते आधी सांगायचे, मग आपण काय करून पाहिले ते. बिघाडापूर्वी काय बदलले तेही सांगायचे. कोणी बदलले, ते नाही. आणि इंजिन सुरू झाले की पुढच्या मंगळवारी येऊन, ते कशाने झाले हे सर्वांना ऐकवायचे.

एका मंगळवारी तामलवाडीजवळच्या सहकारी पाणी संस्थेचे अध्यक्ष तात्याराव आले. मागोमाग धुरपदाबाई. पती वारल्यापासून संस्थेचे इंजिन त्याच चालवीत. दुष्काळी छावणीतल्या जनावरांचा हौद त्या इंजिनावर भरे.

"इंजन बिघडलंय, मिस्त्री पाठवा," तात्याराव उभ्याउभ्याच म्हणाले. "बाईमाणसाच्या हाती दिलं की ह्येच व्हणार. उद्यापासनं दुसरा गडी लावतो."

कोणी मान वर केली नाही. ईरण्णा मिस्त्री बशीत चहा ओतत म्हणाले, "अध्यक्षसाहेब, ही काय संस्थेची सभा न्हाय, ठराव मांडायला. बसा. बाई, तुमी सांगा."

"सुरू हुतंय, दादा. जरा येळ चांगलं पळतंय, मग धाप लागल्यावानी करून बसतंय. गाळणी धुतली, नळी फुकून पाह्यली. डिझेल बगाया टाकीचं झाकण काढलं की पुन्ना चालू हुतंय."

"असं व्हय! मग ह्याच्या आदी काय बदललं?"

पदराचे टोक बोटाला गुंडाळीत धुरपदाबाईंनी तात्यारावांकडे ओझरते पाहिले. छावणीतली जनावरे सकाळपासून कोरड्या हौदाभोवती उभी होती आणि इंजिनाचे हँडल उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार होते.

"नाव नगं," ईरण्णा हळू आवाजात म्हणाले. "काम तेवढं सांगा."

"धुरळा जातोय म्हणून झाकणावर ट्यूबचा तुकडा ताणून बांधलाय."

कडुलिंबाखाली हशा उसळला. "अगं माय!" एक मिस्त्री म्हणाला. "झाकणाला भोक उगंच ठेवलंय का? हवा आत गेल्याबिगर डिझेल खाली उतरंल कसं? नाक दाबून पळवताय की बिचाऱ्याला! तुकडा काढा, पातळ फडकं बांधा."

तात्याराव धोतराचा सोगा सावरून निघाले.

पुढच्या मंगळवारी धुरपदाबाई दिसल्या नाहीत. तात्याराव आले आणि न सांगता खाली बसले.

"इंजन पळतंय. तुकडा काढला, बस्स. हौद भरतोय." ते पुढे म्हणाले, "आन् त्यो म्याच बांधाय लावला हुता. बाई नगं म्हणत हुती."

"नाव सांगायची रीत न्हाय इथं," ईरण्णा म्हणाले.

"दुसऱ्याचं सांगायची न्हाय. माजं म्या सांगतोय." मग जरा गुरकावूनच, "हँडल बाईकडंच हाय. ती इंजनापाशी हाय, म्हणून म्या आलो."

ईरण्णांनी आपली भरलेली बशी त्यांच्यापुढे सरकवली.

त्या कडुलिंबाच्या जागी आता दुकाने आहेत. मी चष्मा पुसला आणि गटावरच्या त्या अनोळखी माणसाला सावकाश लिहिले, 'मोटार सुरू होऊन बंद पडते, की सुरूच होत नाही? त्याआधी काय बदलले होते? कोणी बदलले, ते सांगू नका.'