घमेल्यावरचे सहा ठोके

डिझेल गाडीच्या टायमिंग पट्ट्याला दात असतात. एक दात चुकला तर इंजिन खोकतं. दोन चुकले तर आतल्या आत मोडतं.

•

विधवेनं नवरीला हळद लावू नये. ओटी भरू नये. शुभकार्याला निघालेल्या माणसाला आडवं जाऊ नये. जीपला हात लावू नये, असं कुठल्याच पोथीत नाही, कारण पोथ्या लिहिल्या तेव्हा जीप नव्हती. ते कलम मंठ्यात मागाहून जोडलं गेलं.

•

स्थळ अंकुशनगर. गोरज मुहूर्त, सहा वाजून बेचाळीस मिनिटं. कृपया आहेर आणू नये.

•

डिझेलचा वास लुगड्याला एकदा बसला की तीन धुण्यांत निघत नाही.

•

लोखंडी घमेलं उपडं ठेवून त्यावर पाना मारला, की आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. एक ठोका म्हणजे एक तास.

हे शेवटचं मात्र नीट सांगायला हवं.

मंठ्याला जिंतूर रस्त्यावर पत्र्याची एक शेड होती आणि तिच्या मधोमध गोणपाटाचा पडदा. पडद्यापुढं इंद्रभान, गिऱ्हाईक आणि चहा. पडद्यामागं इंद्रभानची भावजय साखराबाई. गॅरेज मुळात तिच्या नवऱ्यानं, धुळाजीनं काढलेलं. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला तो पहिला मिस्त्री. बारा वर्षं ती त्याच्या शेजारी पाय दुमडून बसली, डिझेलचे पंप खोलत आणि जोडत. चार वर्षांमागं तो कावीळ होऊन गेला. तिचे हात होते तसेच राहिले, कपाळ तेवढं बदललं. लग्नसराईत गिऱ्हाईक तिला समोर पाहून गाडी वळवून न्यायला लागलं, तेव्हा सासूनं, आसराबाईनं, हा पडदा शिवला.

गिऱ्हाईक विचारायचं, "किती टायम लागंल?" इंद्रभान बॉनेट उघडून गंभीर तोंड करायचा. पडद्याला डोळ्याएवढं भोक होतं. त्यातून साखराबाई पाहायची, गरज पडली तर त्याला हळूच दोन प्रश्न विचारायची, आणि पाना घमेल्यावर आदळायची. तीन ठोके. इंद्रभान म्हणायचा, "तीन तास." आणि तीनच तास लागायचे. पंचक्रोशीत नाव झालं होतं: इंद्रभान मिस्त्रीचा टायम म्हंजे घड्याळ!

१९९९ च्या मे महिन्यात, सकाळी आठला, काकासाहेबांची जीप आली. दहा आसनांची, नव्या पद्धतीच्या पट्ट्याच्या इंजिनाची. काकासाहेब जुने जमीनदार. घरी थोरल्या मुलाचं लग्न, आणि नवरदेवाची गाडी हीच.

"खालून डिझेल गळून राह्यलंय गड्या," ते म्हणाले. "पंपाचं एखादं रबरी शील गेलं असंल. बारा वाजता नवरदेव बसवायचाय, अंकुशनगरला लग्न हाय. किती टायम?"

पडद्यामागून कुजबूज आली, "भाऊजी, पट्ट्याचं झाकण काढा."

झाकण निघालं. गळक्या पंपाचं डिझेल पिऊन पट्टा फुगला होता. दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसत होत्या. आज नाही तर उद्या तुटणार.

घमेलं वाजलं. सहा.

"चार तास," इंद्रभान म्हणाला.

घमेलं पुन्हा वाजलं. सहा. यावेळी जरा जोरात.

"मागं काय वाजून राह्यलंय?" काकासाहेबांनी विचारलं.

"कोंबडी हाय, मालक."

"कोंबडी पाना मारती?"

शेडीत हशा झाला. काकासाहेब हसत हसत निंबाखाली बाजेवर जाऊन बसले. जीप पडद्याआड ढकलली गेली.

"चार कसे म्हनले?" साखराबाई फिसकारली. "पानी सोडा, पंखा काढा, रेडिएटर काढा, ह्येच्यातच एक तास. पंप काढून शील बदलून बसवायचा दीड तास. नवा पट्टा, मार्क जुळवनी. मंग हातानं फिरवून बघायचं. नळ्यांतली हवा काढायची. परत सगळं जोडायचं. ह्येच्यात कुठला तास कमी करू, सांगा. मला बिलकुल दिसत न्हाई."

"वहिनी, बाराला वऱ्हाड निघनार हाय. मोठं गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक मोठं म्हनून इंजिन लहान होतं का?"

इंद्रभाननं पान्यांचा डबा पुढं ओढला. त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण आजवर त्याला तास कधी स्वतः मोजावे लागले नव्हते.

ती कामाला लागली. पंप निघाला, शील बदललं, पंप बसला. साडेअकराला नवा पट्टा तीन चाकांवर चढवून तिनं तिन्ही खुणा समोरासमोर आणल्या आणि ताणाच्या चाकाचा नट आवळायला पाना उचलला. तेवढ्यात बाहेर बायकांचे आवाज आले. काकासाहेबांच्या पत्नी दुर्गाबाई घरून आरतीचं ताट, नारळ आणि झेंडूचे हार घेऊन आल्या होत्या. गाडीची पूजा करायची होती.

आसराबाई घाईघाईनं शेडीत शिरली. तीही विधवा, तिला गेली वीस वर्षं कुणी मागं सरायला सांगितलं नव्हतं, कारण ती आपणहून सरत आली होती.

"साखरे, ऊठ. भाईर सवाष्नी आल्यात."

"नट आवळायचाय, आत्याबाई. दोन मिन्टं."

"दोन मिन्टांत अपशकुन होतो. ऊठ म्हन्ते ना!"

दंडाला धरून तिनं सुनेला पाठीमागच्या दारानं बाहेर काढलं. वैशाखाचं ऊन. समोर उकिरडा, जुन्या टायरांची थप्पी. साखराबाईच्या हातात पाना तसाच होता. आत इंद्रभान दुसऱ्या पान्यानं नट आवळत असल्याचं तिला ऐकू येत होतं. फार भराभर.

(इथं वाचकानं थोडं थांबावं. एक बाई आपल्या कामापासून तीन हातांवर उभी आहे. तिला ते काम येतं. आत जो आहे त्याला ते अर्धंच येतं. मध्ये एक भिंत आहे, ती विटांची नाही. आपण सगळ्यांनी ती कधी ना कधी लिंपलेली आहे.)

पडदा सरकवला गेला. दुर्गाबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं.

"काम झालंच, मालक," इंद्रभानचा आवाज आला. "रेडिएटर टाकायच्या आधी एकदा चालू करून दाखवतो."

चालू करून. हातानं न फिरवता.

ती पाठीमागच्या दारानं आत आली, जीपच्या पुढून आडवी गेली आणि इंद्रभानच्या हातातली चावी तिनं काढून घेतली. सवाष्णींच्या, ताटाच्या, हारांच्या समोर.

"सहा तास," ती म्हणाली. तिचा आवाज गिऱ्हाइकानं चार वर्षांत पहिल्यांदाच ऐकला होता. "चार झालेत. दोन ऱ्हायलेत. इंजिन हातानं दोन फेरे फिरवल्याबिगर चावी लागनार न्हाई."

दुर्गाबाईंनी ताटावर पदर ओढला.

"ही कोन?" काकासाहेब उठले. "इंद्रभान, हिनं गाडीला हात लावला का?"

इंद्रभान दोन पावलं मागं सरला.

"पंप म्या खोलला, पट्टा म्या चढवला," ती म्हणाली. "चार वर्सं तुमच्या दोन्ही टॅक्टरचे पंप बी म्याच केले. तवा विटाळ झाला न्हाई तो."

"टॅक्टर वेगळा. ही नवरदेवाची गाडी हाय."

"नवरदेव बसनार म्हनूनच सांगते. घाटात बंद पडली तर शकुन ढकलायला येनार हाय का?"

"साखरे, पाया पडते तुझ्या," आसराबाई रडकुंडीला आली. "चावी दे."

"न्हाई."

काकासाहेबांनी तिच्याशी आणखी बोलणं कमीपणाचं मानलं. शेजारच्या गावातून टेम्पो मागवला गेला, हार काढून त्याला घातले गेले. जाताना दुर्गाबाई तेवढ्या दारात घोटाळल्या. साखराबाईच्या हातातल्या चावीकडं एकदा पाहून त्या निघाल्या.

शेड रिकामी झाली. साखराबाईनं खालच्या नटावर पाना घातला आणि इंजिन हातानं फिरवायला घेतलं. अर्धा फेरा. पाऊण. पाना अडला. आत लोखंडाला लोखंड टेकलं होतं. वरचं चाक दोन दात मागं गेलं होतं. घाईत आवळताना सरकलं असणार. चावी फिरवली असती तर आतलं सगळं वाकून बसलं असतं.

"भाऊजी, हिकडं या. बघा."

इंद्रभान आला. पाहिलं. बोटानं दोन दात मोजले. मग म्हणाला, "आता बराबर असून काय करायचं, वहिनी? गिऱ्हाईक तर गेलं."

हेच ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हाकलल्यावर आलं नव्हतं.

तिनं पट्टा सोडला, पुन्हा चढवला, दोन फेरे फिरवले, हवा काढली, सगळं जोडलं. दोनला पाच मिनिटं कमी असताना जीप पहिल्या चावीला चालू झाली. पाहायला आसराबाई होती, आणि तिनं तोंड फिरवलं होतं.

जीप चार दिवस उन्हात उभी राहिली. पाचव्या दिवशी काकासाहेबांचा ड्रायव्हर बाटलीतून गोमूत्र घेऊन आला, बॉनेटवर शिंपडलं आणि गाडी घेऊन गेला. ती चांगली चालते की नाही, हे सांगायला कुणी आलं नाही. चांगली चालत होती म्हणूनच आलं नाही.

त्याच दुपारी राजूरचा कचरू आपली प्रवासी वाहतुकीची काळीपिवळी घेऊन आला. गाडी धूर ओकत होती.

"इंद्रभान, किती टायम?"

इंद्रभाननं बॉनेट उघडलं, गंभीर तोंड केलं आणि वाट पाहिली. मागून काही वाजलं नाही. त्यानं खोकून पाहिलं. तरी नाही.

"वहिनी," शेवटी तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं विचारा भाऊजी, समद्यांसमोर. आजपासून घमेलं वाजनार न्हाई."

आसराबाईनं शिवलेला पडदा तिनं खिळ्यावरून उतरवला, त्यालाच हात पुसले आणि कचरूच्या गाडीपाशी येऊन वाकली. तिनं पंप पाहिला, नळ्या पाहिल्या.

"साडेतीन तास."

कचरूनं तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं, मग इंद्रभानकडं, मग रस्त्याकडं. उद्या त्याला चतुर्थीची गर्दी राजूरच्या गणपतीला न्यायची होती.

"साडेतीन म्हंजे साडेतीनच ना, बाई?"

"बसायचं तर बसा. न्हाई तर गाडी न्या. तीन म्या म्हननार न्हाई."

तो निंबाखाली गेला. बाजेवर टेकला नाही, उभाच राहिला.

धुळाजी गेला त्या दिवशी शेडीत तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. तेराव्याच्या आत साखराबाईनं तिन्ही चालू करून दिल्या. त्यांतल्या एकीत बसून परतूरचा एक नवरदेव लग्नाला गेला. त्याला आता दोन लेकरं आहेत.