रफार राहिलेला शिक्का

मित्रांनो, माझ्या अंगात एक चूक आहे. ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. मी एक जुना, गोल, रबरी शिक्का आहे. माझ्या गोलात वरच्या बाजूला 'तेजराम ट्रान्सपोट' असं लिहिलेलं आहे आणि खालच्या बाजूला 'लाखनी, जि. भंडारा'. नीट वाचलंत ना? 'ट्रान्सपोर्ट' नाही, 'ट्रान्सपोट'. शेवटच्या अक्षरावर रफार हवा होता. तो राहिला.

माझी अक्षरं उलटी असतात. कागदावर उमटली की सुलटी होतात. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की चूक माझ्यात नसेल, माझ्या वाचण्यातच असेल. मला स्वतःबद्दल तशी फारशी खात्री कधीच नव्हती.

माझा जन्म भंडाऱ्याच्या बाजारात एका लहानशा दुकानात झाला. कारागिराने एका चिठ्ठीत पाहून अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवले, त्यांचा साचा काढला, साच्यावर तापलेलं रबर दाबलं आणि सागाच्या मुठीला मला चिकटवलं. या साऱ्याला अर्धा दिवस लागला. त्या अर्ध्या दिवसात त्याने चिठ्ठी आणणाऱ्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, तू कोण, हे ट्रान्सपोर्ट खरंच आहे का? हे लक्षात ठेवा. पुढे ते कामी येणार आहे.

चिठ्ठी आणणारे गृहस्थ म्हणजे डोमाजी, आमच्या ऑफिसचे मुनशी, म्हणजे कारकून. मान खाली घालून चालणारे, कुणी मोठ्याने बोललं तरी दचकणारे. जेवणाच्या सुटीत बाकीचे लोक हायवेवर चहाला जात, तेव्हा हे टेबलाशी पुस्तक वाचत बसत. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. अक्षर मोत्यासारखं, पण रफार द्यायचा तेवढा विसरले.

पहिल्या दिवशी मालक तेजराम यांनी मला पॅडवर दाबून कोऱ्या कागदावर उमटवलं आणि ते म्हणाले, "वा, मुनशीजी! एकदम झकास. आता आपली कंपनी झाली!"

तेजराम यांचा गोल शिक्क्यावर फार विश्वास. चौकोनी शिक्का कुणाचाही असतो, गोल म्हणजे कंपनी, असं ते म्हणत. डोमाजींनी कागद हातात घेतला आणि त्यांना चूक दिसली. त्यांचे कान लाल झाले. ते तोंड उघडणार, तेवढ्यात मालकांनी सगळ्यांना पेढे वाटायला सुरुवात केली. पेढे खाल्ल्यावर मग सांगणं राहूनच गेलं. अशा गोष्टी पहिल्या दिवशी राहिल्या की राहतातच.

त्यावर डोमाजींनी एक उपाय शोधला. एक काडीपेटीची काडी ते कानावर ठेवू लागले. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, मला उमटवलं की इकडेतिकडे पाहायचं, काडीचं टोक पॅडच्या जांभळ्या शाईत बुडवायचं आणि शेवटच्या 'ट'वर हळूच रफार काढायचा. एक बारीकशी आकडी. झालं. ड्रायव्हर लोकांना वाटे, म्हातारा कान कोरतो.

"मुनशीजी, काड्या करून राहिले का?" मनिष नावाचा ड्रायव्हर हसून विचारायचा.

"नाही करत बाबा," डोमाजी म्हणायचे. "मी कायले काड्या करू?"

सव्वीस वर्षं हे चाललं. तांदळाच्या पोत्यांबरोबर मी रायपूरला गेलो, नागपूरला गेलो, नाक्यांवर, मिलमध्ये, बँकेत माझा ठसा दाखवला गेला. डोमाजी रजेवर असले की मालक मला घाईघाईने उमटवत आणि मी रफाराशिवायच निघे. तरीही मला कधीच कुणी परत पाठवलं नाही. साहेब लोक गोल पाहत, जांभळा रंग पाहत, मान हलवत. लोक म्हणत, "शिक्का आहे न? मग ठीक आहे." त्यांनी मला मान दिला. पण मित्रांनो, खरं सांगू? इतक्या हातांतून जाऊन एकानेही आपल्याला वाचलं नाही, याच्याइतकं एकटेपण दुसरं नाही. मला वाचणारा माणूस एकच होता, आणि तो मला पाहून लाजत असे.

पुढे दिवस पालटले. लाखनीवरून उड्डाणपूल झाला. पूर्वी गाड्या आमच्या दारात थांबत, आता डोक्यावरून जातात. दिवसभर वरून नुसती घरघर ऐकू येते. पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही, आता मोबाइलवर फोटो काढून येते. माझं काम आठवड्यातून एकदोनदा उरलं. माझा जोडीदार, शाईचा पॅड, वाळून कडक झाला. मग चार वर्षांपूर्वी तेजराम वारले आणि त्यांच्या पत्नी शकुनबाई टेबलाच्या मालकाच्या बाजूला बसू लागल्या. दोन ट्रक, दोन ड्रायव्हर आणि डोमाजी, एवढा संसार.

आता जी गोष्ट मला सांगायची आहे ती मागच्या मार्गशीर्षातली.

एका ट्रकचं इंजिन बसलं. गाडी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या गॅरेजात उभी होती आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. पैसे नव्हते म्हणजे, होते, पण दुसऱ्यांकडे. मोठ्या पार्ट्या माल आज उतरवून घेतात आणि भाडं तीन महिन्यांनी देतात. अशा वेळी काही कंपन्या ही बिलं विकत घेतात. थोडी रक्कम कापून बाकीची लगेच देतात आणि पुढे पार्टीकडून स्वतः वसूल करतात. याला फॅक्टरिंग म्हणतात. हा धंदा खोटा नाही. खऱ्या कंपन्यांची रिझर्व्ह बँकेत नोंद असते. पण जिथे खरं असतं तिथे त्याच्या सावलीला खोटंही येऊन बसतं.

त्या दुपारी जीवन नावाचा एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. 'मालवेगा कॅपिटल' अशा नावाच्या कंपनीचा करार त्याने टेबलावर ठेवला.

"मॅडम, आज कागद द्या, परवा पैसे खात्यात. गाडी उभी ठेवून तुमचंच नुकसान होऊन राहिलं न?"

"कागद कोणते लागतीन?" शकुनबाईंनी विचारलं.

"तीन महिन्यांच्या ओरिजिनल पोच. अन् पाच कोरे लेटरहेड, सही-शिक्का मारून. पार्टीला कळवावं लागते न, की पुढचं पेमेंट आमच्याकडे पाठवा म्हणून. टाइप आम्ही करून घेऊ, तुम्हाले तरास नाही."

शकुनबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी करार हातात घेतला, पानं उलटली आणि शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे एक गोल शिक्का होता. ठळक, स्वच्छ, माझ्याहून देखणा.

"गोल शिक्का हाय न, मुनशीजी?"

"हाय, बाई."

"मंग झालं. हे म्हणत, गोल म्हणजे कंपनी." आणि त्यांनी पाच कोऱ्या कागदांवर खाली सह्या केल्या. "मारा शिक्का."

डोमाजींनी मला ड्रॉवरमधून काढलं. पॅडवर शाईचे दोन थेंब टाकले. मला पॅडवर दाबलं. मित्रांनो, मला सगळं कळत होतं. त्या कोऱ्या कागदावर मी उमटलो की वर काहीही लिहिता येणार होतं. कुणाच्याही खात्यात पैसे पाठवा म्हणून. तीन महिन्यांचं भाडं गेलं असतं, मागोमाग गाड्या गेल्या असत्या, आणि त्या सगळ्याखाली साक्षीला मी असतो. पण शिक्क्याला तोंड नसतं. जे कोरलं तेवढंच तो बोलतो.

डोमाजींचा हात कागदावर आला आणि तिथेच अडला. शाईचा एक बारीक थेंब कागदावर पडला.

"मारा न, काका," जीवन म्हणाला. "मले पाच वाजेपर्यंत साकोलीले जा लागते."

"बाई," डोमाजी म्हणाले. आवाज इतका बारीक की पुलावरून एक ट्रेलर गेला आणि पुढचं त्यात बुडालं.

"काय म्हनता? जोरानं बोला."

"म्हटलं, आपला शिक्का वाचा जरा." त्यांनी एका रद्दी कागदावर मला उमटवलं आणि तो कागद शकुनबाईंपुढे सरकवला. या वेळी काडी मात्र कानावरच राहू दिली.

"वाचू काय त्याच्यात? तेजराम ट्रान्सपोर्ट, लाखनी."

"तसं नाही. अक्षर अक्षर वाचा."

शकुनबाईंनी बोट ठेवून वाचलं. "ते... ज... राम. ट्रा... न्स... पो... ट." बोट थांबलं. "पोट?"

कोपऱ्यात मोबाइलवर ऑनलाइन फॉर्म भरत बसलेली त्यांची मुलगी रुचिता, कॉलेजात शिकणारी, उठून आली. तिने कागद पाहिला आणि खो खो हसली. "माय, ट्रान्स-पोट! आपण लोकायले पोट दाखवून राहिलो!"

"चिठ्ठी मीच लिवली होती," डोमाजी म्हणाले. त्यांची नजर टेबलावर होती. "चूक माही. सव्वीस वर्षं झाली. मी काडीनं ठीक करत होतो, पन जेथं केलं नाही तेथंबी चाललं. नाक्यावर चाललं, बँकेत चाललं. कोनी वाचलं नाही, बाई. कोनीच नाही. शिक्का कोनी वाचत नाही. अन् तो बनवाले फक्त चिठ्ठी लागते. मले त्या दुकानात कोनी नाव नाही विचारलं."

जीवन हसला. "तुमचे मुनशीजी काड्या करून राहिले, मॅडम. शंका असन तर फोन लावा न. हा पाहा, कागदावरच नंबर हाय ऑफिसचा."

माझ्या आठवणीत डोमाजींनी कुणाला कधी अडवलं नव्हतं. ते म्हणाले, "कागदावरचा नंबर कागदाचीच बाजू घेईन. माहं चुकतही असन. पन नंबर दुसरीकडून पाहू."

शकुनबाईंनी क्षणभर त्या पाच कोऱ्या कागदांकडे पाहिलं. मग ते उचलून मांडीखाली ठेवले.

"भाऊ, तुम्ही समोर चहा घ्या. माह्या नावावर सांगा. आम्ही तवर पाहतो."

जीवन पिशवी घेऊन बाहेर गेला. रुचिताने मोबाइलवर रिझर्व्ह बँकेची यादी उघडली. कुठल्या कंपन्यांना असं काम करायची परवानगी आहे, ते तिथे कुणालाही पाहता येतं. ती बोट सरकवत गेली. "हे काय, हाय न नाव! मालवेग कॅपिटल."

शकुनबाईंनी सुस्कारा सोडला. डोमाजींचा चेहरा उतरला. आपण उगीच आपली लाज चव्हाट्यावर मांडली, असं त्यांना वाटलं असावं. पण सवयीने ते पुढे वाकले आणि करार मोबाइलशेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहू लागले.

"पोरी, याच्यात इंग्रजी नावाच्या शेवटी 'ए' हाय. तुह्या यादीत नाही."

रुचिताने पुन्हा पाहिलं. खरंच, यादीत 'मालवेग'. कागदावर 'मालवेगा'. एका अक्षराचा फरक. तिने यादीतल्या कंपनीचा नंबर शोधून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. तिकडच्या बाईंनी नाव, गाव, सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि सांगितलं की भंडारा जिल्ह्यात आमचा माणूस नाही, आणि आमचा कुणीही माणूस कोऱ्या कागदावर सही-शिक्का मागत नाही. कागद कुणाला दिले असतील तर पार्टीला ताबडतोब कळवा.

"नाही दिले," शकुनबाई म्हणाल्या. "आमच्या मुनशीनं नाही देऊ देल्ले."

रुचिता धावत समोरच्या टपरीवर गेली. चहाचा ग्लास अर्धा भरलेला होता. जीवन नव्हता. करार मात्र आमच्याच टेबलावर राहिला होता, त्याच्या देखण्या गोल शिक्क्यासकट. तो घेऊन शकुनबाई ठाण्यात गेल्या आणि तक्रार लिहून आल्या. आधी ते पाच सही केलेले कागद त्यांनी स्वतः चुलीत घातले.

पुढे सगळं झटपट गोड झालं असं नाही. खऱ्या कंपनीशी बोलणं झालं, तिचे लोक येऊन ऑफिस पाहून गेले, पार्टीला विचारून गेले. त्यात शहापूरला गाडी आणखी अठरा दिवस उभी राहिली. मनिष रोज कुरकुर करायचा. पण शकुनबाई म्हणायच्या, "जो आपल्याले तपासते, त्याले आपनबी तपासावं. मंग कोनाले राग येत नाही."

आणि माझं काय झालं? ज्या दुपारी डोमाजींशिवाय मला पहिल्यांदा कुणीतरी वाचलं, त्याच दुपारी माझं काम संपलं. ते साहजिकच होतं. ज्याची चूक सगळ्यांना ठाऊक झाली तो शिक्का पुन्हा कागदावर कसा मारायचा? रुचिताने भंडाऱ्याहून नवा शिक्का आणला. त्याच्या पोटातच शाई आहे, त्याला पॅड लागत नाही. चिठ्ठी तिने डोमाजींकडूनच लिहून घेतली. ती त्यांनी तीन वेळा लिहिली, आणि तरी आणखी एकदा तिच्याकडून वाचून घेतली.

आता मी खालच्या ड्रॉवरमध्ये असतो. पॅड शेजारी आहे, पण वाळला आहे, बोलत नाही. पुलावरची घरघर लाकडातून येते. कधी ड्रॉवर थोडा उघडा राहिला की फटीतून मला टेबलाची कड दिसते.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणी तुमच्यापुढे शिक्का मारलेला कागद ठेवला, तर गोल पाहून मान हलवू नका. तो वाचा. अक्षर अक्षर वाचा. बोट ठेवून वाचायला लाज वाटली तरी वाचा. आणि आपली चूक सांगायला लाज वाटत असेल, तर माझ्या डोमाजींची आठवण ठेवा. ती त्यांनी पहिल्या दिवशी सांगितली असती, तर मी नीट लिहिला गेलो असतो. ती कधीच सांगितली नसती, तर या टेबलाभोवती आज कुणी बसलेलं नसतं.

काल दुपारी फट उघडी होती. डोमाजींनी नवा शिक्का बिल्टीवर मारला, खट्. मग इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला, काडी खाली आली आणि शेवटच्या 'ट'पर्यंत पोहोचून थांबली. रफार तिथे आधीच होता. ते काही वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काडी परत कानावर ठेवली आणि ड्रॉवरच्या फटीतून हात आत घालून माझ्या मुठीवरची धूळ अंगठ्याने पुसली.