तोफखान्यातला त्र्यंबक

"काका, हे तुमचे पूर्वज तर अठराशे सत्तावन्न साली तोफेपाशी पडले म्हणता ना?" प्रथमेशनं भिंगावरून मान वर केली. "मग पंचवीस वर्षांनी विहिरीचा दोर कुजल्याची तक्रार कोण करतंय? नाव तेच. त्र्यंबक मनोहर."

मनोहरकाकांनी कागद स्वतःकडे ओढून उलटसुलट करून पाहिला.

साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत चौतीस वर्षं त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. आता सहा महिने अमेरिकेत ॲन आर्बरला, मुलाकडे. नात स्वानंदीच्या शाळेत शुक्रवारी पूर्वजांचा कार्यक्रम होता आणि तिच्या मैत्रिणीचा कोणी पूर्वज म्हणे अमेरिकेच्या क्रांतीत लढलेला. "आपल्याकडे आहे असा सोल्जर?" असं तिनं विचारायचा अवकाश, काकांनी खापरपणजोबांच्या वडिलांना, त्र्यंबकरावांना, पांढऱ्या घोड्यावर बसवून बंडात धाडलं. इंग्रजांचा गोळा त्यांनी म्हणे पागोट्यात झेलून परत पाठवला. ही गोष्ट घराण्यात दर पिढीला एकेक घोडा चढत आली होती.

टीचर मात्र खट. म्हणाली, कागद आणा. म्हणून चकलीच्या डब्याखालून अमेरिकेत आलेलं मोडी कागदांचं पुडकं घेऊन काका बर्फातून बसनं लायब्ररीत आले होते. प्रथमेश नागपूरचा, इथे इतिहासात संशोधन करणारा. मोडी वाचणारा अख्ख्या गावात तेवढा एकच.

"तुमच्याकडे नावं कशी ठेवतात?"

"थोरल्या नातवाला आजोबाचं."

प्रथमेशनं वहीत उतरंड मांडली. मनोहरचा त्र्यंबक, त्र्यंबकचा मनोहर, पुन्हा मनोहरचा त्र्यंबक. मग कपाळावर हात मारला. "यार काका! म्हणजे तुमच्यातला प्रत्येक त्र्यंबक हा त्र्यंबक मनोहरच! तुमच्या वडिलांसकट!"

चौऱ्याहत्तर वर्षांत काकांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. सगळ्या त्र्यंबकांची करणी एकाच्याच नावावर जमा होत गेली होती.

"मग घोडा कोणाचा?"

"कागदात घोडा नाहीये."

शेवटचा कागद बंडवाल्यांच्या हजेरीचा निघाला. "साल सत्तावन्न. हे तुमचेच! तोफखान्याकडे. त्र्यंबक मनोहर..." काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "...पाणक्या."

"पाणक्या?"

"तोफ तापली की पाणी लागायचं. तोफ डागणाऱ्या गोलंदाजांना प्यायलाही. ते आणून द्यायचं. पुढे 'हजर' लिहिलंय."

"आणि मेला कसा?"

"तिथे कागद फाटलाय, काका."

परतीच्या बसमध्ये काकांच्या डोक्यात सगळे त्र्यंबक एकमेकांची पागोटी ओढत होते. कागदावर तोफखाना होताच. पुढचा शब्द वाचणार कोण? टीचरला मोडी येत नव्हती. घोडा अजून वाचवता येण्याजोगा होता. आणि स्वानंदी शाळेत चार जणींना सांगून बसली होती.

शुक्रवारी शाळेत हीटर धडधडत होता. स्वानंदी काकांचं बोट धरून पुढे आली. "आजोबा, तू सांग, मी ट्रान्सलेट करते. घोड्यापासून सुरू कर."

काकांनी तोंड उघडलं. घोडा अगदी जिभेवर आला होता.

"आमचा त्र्यंबक तोफेला पाणी नेऊन देत होता," ते म्हणाले. "हजर होता."

"दॅट्स इट?" स्वानंदी कुजबुजली. "अँड द हॉर्स?"

"घोडा दुसऱ्या कुठल्या त्र्यंबकाचा असेल, बाळा. माझंच मला कळेनासं झालंय."

तिनं ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. चार टाळ्या पडल्या. ती जागेवर जाऊन बसली आणि तिनं काकांकडे पाहिलंही नाही.

नंतर मैत्रिणीचे आजोबा उठले. वेष क्रांतीतल्या सैनिकाचा: त्रिकोणी टोपी, जाड लोकरीचा निळा कोट, खांद्यावर लाकडी बंदूक. लढाईचं वर्णन ऐन रंगात आलं, आणि म्हाताऱ्याला ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला. मुलं हसायला लागली, टीचर गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

काका उठले. त्यांनी कोपऱ्यातल्या नळावर ग्लास भरला, न सांडता सगळ्या वर्गातून नेला आणि सैनिकाच्या हातात दिला.

तो पीत होता तोवर ते शेजारी उभे राहिले, रिकामा ग्लास परत घ्यायला. स्वानंदी आता त्यांच्याकडे पाहत होती.