दाणा वाजेपर्यंत

नेव्हने ओव्हनचं दार उघडलं, फडक्यात धरून मॅकाडेमियाचा एक टणक दाणा बाहेर काढला आणि कानाशी नेऊन हलवला. आतला गर कवचाला आपटून खुळखुळ वाजला. आणखी दोन दाणे त्याने तसेच हलवून पाहिले. मग ओव्हन बंद केला, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पंखा लावला. त्याची बायको कोरल यायला अजून अवकाश होता, तरी ट्रे मागच्या पडवीत नेताना तो स्वतःच्याच घरात दबकत चालत होता.

ओव्हन पुरता निवल्यावर त्याने वरच्या शेगड्यांवर लाकडी फळी ठेवली आणि फळीवर पपयांची टोपली, मूठ खिडकीकडे करून, होती तशी. फळी आणि टोपली कोरलने स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती. त्या दिवसापासून या घरात अन्न शिजलं नव्हतं.

जवळच्या लिझमोर शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या आतड्यातली गाठ काढली आणि वर्षाच्या आत ती यकृतात निघाली. औषधाने थोडे महिने वाढतील, पण ते कसे जातील हे सांगता येत नाही, असं ते सरळ बोलले. कोरलने औषध नको म्हटलं, डोंगरावरच्या एका शिबिराला गेली आणि कच्चं खाणारी होऊन परत आली. ‘ज्याची आच हाताला सोसत नाही ते पोटात घालायचं नाही’ हा शिबिरवाल्यांचा नियम. हीच बाई एके काळी मॅकाडेमियाच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मांस भरलेला वाफाळता मीट पाय सॉसमध्ये बुडवून खायची आणि बोटं चाटायची. नेव्हने वाद घातला नाही. आजार तिचा, पोट तिचं. मात्र आपल्यासाठी अंडं उकडायचं म्हटलं तरी तो शेजाऱ्यांकडे जाऊ लागला.

पाल्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या मनगटांबद्दल. घड्याळ सरकून कोपराकडे जायला लागलं होतं. त्या आहारात अंगावर थोडं मांस धरून ठेवील अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बदाम, अक्रोड, मॅकाडेमिया. आणि शहरातल्या दुकानात ‘अस्सल कच्चे’ अशी चिठ्ठी लावलेल्या बरण्यांकडे हात न्यायचा तर खिसा हलका होण्याआधी छातीच धडधडायची. त्यात नेव्हची मासे मारायची होडी गेली. विकताना त्याने तिच्या बुडावर एकदा थाप मारली, बस. होडीचे बदाम झाले आणि बदाम संपलेही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं त्याचं झालं होतं. कुंपणापलीकडे झानेटीची मॅकाडेमियाची बाग होती आणि यंदा झाडाखाली दाण्यांचा सडा पडला होता.

"ने की लेका, पाहिजे तेवढे ने," झानेटी ट्रॅक्टरला टेकून म्हणाला. "कारखाना जो भाव देतोय त्यात वेचणीचं डिझेलसुद्धा सुटत नाही. उंदीर खातायत ते तू खा."

"कोरलसाठी हवेत."

"अरे मग पोतं भरून ने! विचारतोस काय?"

नेव्हने पोतं भरलं. पण झाडावरून पडलेला दाणा ओला असतो, गर कवचाला चिकटून बसलेला. फोडला तर चुरा होतो आणि ठेवला तर बुरशी धरतो. त्याला कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून वाऱ्यावर टांगावं लागतं, महिनोन्‌महिने, वाजू लागेपर्यंत. दुकानात मिळणारा कच्चा दाणा एवढा महाग का, तर त्या वाट पाहण्याचेच पैसे. नेव्हकडे पैसेही नव्हते आणि वेळही. त्याच्याकडे ओव्हन होता. अगदी मंद ठेवला, तरी ती आच हाताला सोसणारी नव्हती.

टोपली जागेवर गेल्यावर तासाभराने फाटकाशी व्हॅन थांबली. इंडिगो कोरलला हाताला धरून घेऊन आली. शिबिर चालवणारी ही पोरगी नातीच्या वयाची, अनवाणी आणि मनाने साफ. तिच्यावर रागावायचं म्हटलं तरी नेव्हला रागावता येत नसे.

त्याने वाडग्यात दाणे ठेवले होते, काही फोडलेले, काही कवचासकट. इंडिगोने एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अहाहा! याला म्हणतात जिवंत दाणा. आग लागलेल्याला ही चव येतच नाही. कुठून आणलेत?"

"झानेटीकडचे. गेल्या वर्षीचे," नेव्ह म्हणाला. "शेडमध्ये टांगलेले होते त्याच्या."

कोरलने कवचासकट एक दाणा उचलला, कानाशी धरून हलवला आणि परत वाडग्यात ठेवला. मग फोडलेल्यातले चार खाल्ले, सावकाश, एकेक करून.

"चांगले आहेत," ती म्हणाली.

ती खात होती एवढंच नेव्हने पाहिलं. शरद ऋतू संपेपर्यंत हे असंच चाललं. दर शुक्रवारी ती डोंगरावर गेली की तो टोपली उतरवायचा, आणि ती यायच्या आत पुन्हा मूठ खिडकीकडे. घड्याळ कोपराकडे सरकायचं थोडं थांबलं असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे त्याने मानून घेतलं.

मग रक्ताच्या तपासणीचा निकाल आला. लिझमोरला जे सांगितलं ते कोरलने गाडीत परत बोलून दाखवलं नाही. घरी इंडिगो वाट पाहत बसली होती. तिने कागद वाचला, कोरलचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडली. खरंच रडली.

"कुठून तरी आग शिरतेय तुमच्या खाण्यात," नाक पुसत ती म्हणाली. "ते विकतचे काजू असतील. कवच काढायला त्यांना वाफ देतात आणि वर कच्चे म्हणून विकतात मेले. घरातलं तर सगळं शुद्धच आहे."

"घरातलं शुद्धच आहे," कोरल म्हणाली.

चहाचा कप भरायला म्हणून नेव्ह उठला आणि या घरात चहा होत नाही हे त्याला सिंकपाशी पोहोचल्यावर आठवलं. त्याचा त्या नियमावर कवडीचाही विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून भीती थोडीच सोडते? हे आपण केलं, या हातांनी केलं, हे त्याच्या मनाने धरलं ते धरलंच.

दुसऱ्या दिवशी त्याने झानेटीच्या ओढ्याकाठच्या झाडांखाली वाकून पोतं भरलं, हिरव्या साली सोलल्या आणि दाणे कांद्याच्या पिशव्यांत भरून पुढच्या पडवीच्या आढ्याला ओळीने टांगले. ओव्हनला हात लावला नाही. मधल्या दिवसांसाठी झानेटीकडे जुने वाळलेले दाणे मागितले, तर तिथे उंदरांनी टरफलं तेवढी शिल्लक ठेवली होती. दुकानातून तो मूठभर आणायचा. त्यासाठी आधी आपलं वर्तमानपत्र बंद केलं, नंतर बिअर. मूठभराने काय होणार? हिवाळा लागला तेव्हा कोरलने घड्याळ काढूनच ठेवलं.

रोज सकाळी तो पडवीत जाऊन एक दाणा कानाशी हलवायचा आणि काही न ऐकता आत यायचा.

एका दुपारी तो लाकडं फोडून आला तर कोरल पडवीत उभी होती, अंगावर त्याचाच कोट, एक हात खांबाला. दुसऱ्या हाताने तिने पिशवीतला एक दाणा काढला होता आणि कानाशी धरला होता. तिने हलवला, थांबली, पुन्हा हलवला.

"हा बोलत नाही," ती म्हणाली.

"बोलेल. नुकते तर टांगलेत."

"कधी बोलेल?"

"वसंतात. हवा कोरडी राहिली तर वसंत लागता लागता."

कोरलने दाणा मुठीत धरला आणि आवाराकडे पाहत राहिली. गवतावर सकाळचं दव अजून सुकलेलं नव्हतं.

"आधीचे बरे वाजायचे," ती म्हणाली.

नेव्हने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. ती नीट टेकेना, म्हणून परत उचलून टेकवली.

"ते झानेटीच्या शेडमधले..."

"गप रे म्हाताऱ्या. अर्धा जन्म मी कारखान्याच्या पट्ट्यावर दाणे निवडले. शेडमध्ये वाळलेला कोणता आणि भट्टीत वाळलेला कोणता हे मला कानाशी धरून कळतं. आणि शुक्रवारी थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून पंखा कोण लावतं?"

"पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या वाडग्यापासून."

"मग खाल्लेस कशाला?"

"तू फोडून द्यायचास म्हणून," ती म्हणाली. "आणि चवीला बरे होते."

नेव्हला बरंच काही विचारायचं होतं. त्यातलं एकच त्याने विचारलं.

"कोरल, त्या आगीमुळे जर..."

"नाही रे." तिने त्याच्या कोटाची, म्हणजे तिच्या अंगावरच्या कोटाची, बाही हातावर ओढून घेतली. "तसं असतं तर बरं झालं असतं. निदान बंद करायला काही तरी असतं."

ती भिंतीला धरून आत गेली. तो मागोमाग गेला. तिने दोन्ही हातांनी पपयांची टोपली उचलली. तिला ती पेलवत नव्हती, पण तो पुढे झाला तर तिने मानेने नको म्हटलं आणि टोपली जमिनीवर ठेवली. मग फळी उचलून भिंतीला उभी केली.

"एक पिशवी आण. लाव ओव्हन."

"मंद ठेवतो."

"मंद कशाला? वाळले की फोड आणि परत आत घाल. चांगले लाल होऊ देत. वर मीठ."

वर्ष-दीड वर्ष तो या वाक्यासाठी झुरला होता. एकदा तरी तिने काही गरम मागावं, सूप, टोस्ट, काहीही, असं त्याला किती वेळा वाटलं होतं. आता तिने मागितलं होतं. त्याने खटका फिरवला. एक पिशवी आणून दाणे ट्रेवर पसरले आणि ट्रे आत सरकवला. कोरलने स्टूल ओढून घेतलं आणि ओव्हनच्या काचेसमोर हात धरून बसली.

"केवढं उबदार आहे हे," ती म्हणाली. "विसरलेच होते."

हळूहळू दाण्यांचा वास स्वयंपाकघरभर झाला आणि या वेळी कोणी खिडकी उघडली नाही. नेव्हला वाटलं, आता त्या टांगलेल्या पिशव्यांकडे रोज बघवायचं नाही. तो पडवीत गेला, तिथल्या बाकावर चढला आणि दुसऱ्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

"काय करतोस?" आतून कोरलने विचारलं.

"सगळ्याच काढतो. भाजून टाकू."

"राहू देत त्या," ती म्हणाली. "वसंतात तुला होतील."