फासातलं रोपटं

दोरखंडाच्या फासात एक रोपटं उगवलं होतं. वीतभर उंच, सात पानं, आणि शेंड्याला एक पिवळी कळी, उद्यापरवा उमलेल अशी. जहाजाला धक्क्याशी बांधून ठेवणारा तो मनगटाएवढा जाड दोर लोखंडी खुंट्याभोवती पडला होता. दोर आणि खुंटा यांच्या फटीत वाऱ्याने धूळ आणून टाकली होती आणि त्या धुळीवर या रोपट्याने आपला संसार थाटला होता. तिने वाकून बोटाने माती दाबून पाहिली. चांगली घट्ट बसली होती.

"जहाज कधी आलं म्हणालात?" तिने विचारलं.

"सोमवारी," कंपनीचे संचालक म्हणाले. "आणि परवा शुक्रवारी पुन्हा निघतंय. एक दिवस रिकामं बसत नाही, ताई. दुभती गाय आहे म्हणा ना!"

आज बुधवार होता. दोन दिवसांत सात पानं आणि वर कळी धरणारं रोप तिच्या शिक्षणात तरी कुठे आलं नव्हतं.

"हिच्याकडे लक्ष देऊ नका," दादा हसत म्हणाला. "घरात आम्ही हिला मोजपट्टीच म्हणतो. चहाला बोलावलं तर आधी कपाची जाडी बघेल."

संचालक पोट धरून हसले. दादाचा कुठलाही विनोद त्यांना पोट धरूनच हसवत असे. सकाळपासून ते त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि दादा एकेक फांदी पकडून आनंदाने वर जात होता. त्यांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेली पाच पितळी जहाजं बघतानाच त्याच्या चेहऱ्यावर मालकाची कळा आली होती.

वडिलांचं वर्कशॉप विकून आलेले पैसे दोघा भावंडांच्या नावावर एकत्र पडून होते. दोघांची सही झाल्याशिवाय ते हलणार नव्हते. दादाला ते सगळेच्या सगळे कंपनीच्या पाच जहाजांत घालायचे होते. तिला आपल्या अर्ध्या वाट्यात धातू तपासण्याची स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढायची होती. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या नावाखाली, तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. पण हे दादाला सांगायची वेळ आली की तिच्या तोंडून "बघू" एवढंच निघायचं. वर्षभर ती बघतच होती.

"जहाजांची किंमत काढली कशी?" तिने विचारलं.

"त्यासाठीच तर यांना आणलंय." संचालकांनी कंपनीच्या मूल्यमापकाला पुढे केलं. गृहस्थ धक्क्यावरचं तेल चुकवत, बुटांना जपत पुढे आले.

"अगदी शास्त्रशुद्ध पद्धत आहे," ते म्हणाले. "याच मापाचं एक जहाज गेल्या वर्षी विकलं गेलं. तो भाव घ्यायचा, पाचाने गुणायचं."

"ते किती वर्षांचं होतं?"

"आठ."

"आणि हे?"

"तेवीस."

"पण रंग बघ की!" दादा मध्येच म्हणाला. "आरशासारखा चमकतोय."

रंग खरोखरच चमकत होता. खाली गंजाचे पोपडे तसेच ठेवून त्यावरून हात फिरवला होता, त्यामुळे जहाजाला नव्या रंगाचे फोड आले होते.

"तुम्ही आत जाऊन पाहिलंत?" तिने मूल्यमापकाला विचारलं.

"छे! आमच्यात तशी पद्धत नाही. प्रत्यक्ष पाहिलं की आकडा बिघडतो."

उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण शेळ्या दिसू नयेत म्हणून मुद्दाम उंटावर बसलेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"बरं. रिकाम्या जहाजाचं वजन किती आहे?"

मूल्यमापकांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी दादाकडे पाहिलं. दादाने जहाजाकडे पाहिलं, जणू ते स्वतःच सांगेल.

"वजन?" संचालक हसले. "ताई, जहाज काय रद्दी आहे, वजनावर घालायला?"

"या वयाचं जहाज शेवटी तसंच विकलं जातं. लोखंडाच्या भावाने, वजनावर. भाव रोज कळतो. वजन माहीत असेल तर गणित मिनिटभराचं आहे. तुमच्या जहाजाबद्दल खात्रीने सांगता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तीच तुम्हाला ठाऊक नाही."

"अगं, पण भाड्याचं उत्पन्न धर की!" दादा चिडला. "चालतं जहाज आहे हे."

"चालतं?" तिने रोपट्याकडे बोट दाखवलं. "हे इथे उगवून कळीला येईपर्यंत हा दोर कुणी सोडलेला नाही, दादा."

संचालकांनी घाईने घड्याळ पाहिलं. मूल्यमापकांना बुटावर काहीतरी सापडलं. त्या दोघांचं तिला काही वाटलं नाही. ते आपापल्या धंद्याला जागत होते. ती दादाकडे बघत होती. आता तरी तो विचारेल, 'हो का हो?' एवढे तीनच शब्द.

दादा वाकला. चिमटीत धरून त्याने रोपटं उपटलं आणि पाण्यात भिरकावलं. मग हात झटकत, मोठं काम उरकल्यासारखा तो ताठ झाला.

"झालं समाधान? नसत्या गोष्टींना शेंडा ना बुडखा! चल, यांच्या ऑफिसात कागद तयार आहेत. सही करून टाकू."

फटीत मुळाएवढं भोक राहिलं होतं. संचालक पुन्हा हसायच्या तयारीत होते. तिच्या ओठांवर नेहमीचा 'बघू' आला, आणि तिथेच थांबला. बघून झालं होतं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "वर्कशॉपच्या पैशातला माझा वाटा मला वेगळा करून दे, दादा. मला स्वतःची प्रयोगशाळा काढायची आहे."