यकृतानंदांचे सोवळ्यातले उंदीर

उंदीर सोवळं नेसून उताणे पडले होते आणि कांजूरमार्गच्या हॉलमध्ये अख्खी सोसायटी त्यांच्यापुढे हात जोडून बसली होती. यकृतानंद महाराजांनी दोघांना एकाच बाटलीतलं झोपेचं औषध टोचलं होतं. विभूती मात्र एकाच्याच तोंडाला, दुसरा कोरडा.

"हे औषध म्हणजे तुमच्या पोटातलं विष!" महाराज गरजले. "ज्याचं यकृत शुद्ध, तो आधी उठेल!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

विभूतीवाला मिशा हलवत उठला. कोरडा ढिम्म.

शकूने पदराने डोळे टिपले. तिच्या नवऱ्याचे, भाऊरावांचे, डोळे काविळीने हळदीसारखे झाले होते. विभूती हवी तर इस्पितळाच्या गोळ्या कायमच्या टोपलीत टाकायच्या, अशी महाराजांची अट होती. शकूने गोळ्यांची पिशवी त्या टोपलीत टाकून दिली होती.

मग मूषकाच्या कानात इच्छा सांगायला रांग लागली. कुणी नोकरी मागितली, कुणी पार्किंग. शकूची पाळी येईपर्यंत जागा झालेला उंदीर कंटाळून टेबलाखाली पळाला. आता झोपलेल्यालाच सांगावं म्हणून ती वाकली. हात लागून त्याचं सोवळं सुटलं, तर पोटावर स्तनांच्या दोन ओळी.

"अगो बाय! ही तर बाईमाणूस!"

तिची भाची अपूर्वा मुलुंडच्या फार्मसी कॉलेजात शिकवायची. मावशीला आवरायला आलेली ती ताडकन उठली, टेबलाखालचा उंदीर धरला आणि त्याचं सोवळं फेडलं. त्याचं पुरुषपण मागच्या रांगेतूनही दिसलं.

"मावशी, विभूती काही करत नाही गं. नर उंदराच्या यकृतातली एन्झाइम्स हे औषध मादीपेक्षा खूप लवकर मोडतात. तो आधी उठणारच. म्हणून तर दोघांना सोवळं! महाराज, आता विभूती मादीला द्या."

"आज अमावास्या."

"उद्या?"

"उद्या माझं मौन."

"मौन उद्या ना? मग आज बसा!" शकू कडाडली.

संध्याकाळच्या खेळासाठी पिंजऱ्यात दुसरी जोडी होतीच. महाराजांना दोघांना त्याच बाटलीतलं औषध टोचावं लागलं. शकूने स्वतः मादीच्या तोंडाला विभूती लावली, नर कोरडा. लोक टक लावून बसले. कोरडा नर उठला आणि थेट महाराजांच्या मांडीवर चढला. विभूतीवाली गाढ झोपलेली.

मग टोपलीवर झुंबड उडाली. "माझी शुगरची कुठाय?" "अरे, ती माझी बीपीची!" महाराज त्या गर्दीतून सटकले, उंदीर मागेच राहिले.

भाऊराव मात्र खुशीत. "मगे मी पण नरच मा? गोळी कित्याक?"

"काका, तुम्ही उंदीर नाही," अपूर्वा म्हणाली. "डॉक्टरांनी दिलंय ते घ्या."

शकूला आधी हसू आलं, मग रडू. नवरा हातचा जाता जाता वाचला होता. चमत्कार दिसला की हात आपोआप जुळतात. पण त्याआधी एकदा विभूती दुसऱ्याच्या तोंडाला लावून पाहावी. शकूचे हात त्या दिवशी पुन्हा जुळले नाहीत. एका हातात पाण्याचा पेला होता, दुसऱ्यात गोळी.